एकविसावा पाट

कुणी सुपारी फोडतं, कुणी नारळ फोडतं, रिकामटेकडी माणसं दुसऱ्यांची घरं फोडतात. कुंभकोणमच्या रुक्मिणी टीचर संख्या फोडतात. भाजीला निघाल्या आणि समोरून एखादी गाडी गेली, की तिच्या पाटीवरचा आकडा त्यांनी फोडलाच म्हणून समजा. “एकशे चौपन्न. दोन, सात, अकरा,” असं पुटपुटत त्या पुढे सरकतात आणि मागे भाजीवाली त्यांची विसरलेली पिशवी घेऊन धावते. त्यांच्या घराचा नंबर एक्केचाळीस. तो फुटत नाही, याचा त्यांना भारी अभिमान. कुणाला पत्ता सांगायचा झाला तर म्हणतात, “एक्केचाळीस. मूळ संख्या आहे, विसरायचं कारण नाही.” यंदा त्या त्र्याहत्तर वर्षांच्या झाल्या. तोही आकडा फुटत नाही, म्हणून वर्ष चांगलं जाणार असं त्यांनी वाढदिवसालाच जाहीर करून टाकलं होतं.

वर्ष कसं गेलं ते वत्सलाला विचारावं. वत्सला त्यांची जुनी विद्यार्थिनी. आज पन्नाशी उलटली, सून आली, केस पिकले, तरी टीचर समोर दिसल्या की तिचा पदर आपोआप सारखा होतो. काही माणसांचं आपल्यावर इतकं ऋण असतं की ते फेडायचा विचारसुद्धा उद्धटपणा वाटावा. टीचरांबद्दल वत्सलाला तसं वाटे. पण एकदा, फक्त एकदा, त्यांच्यासाठी एक गोष्ट करावी असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि नेमकी तीच गोष्ट घरात चालण्यासारखी नव्हती.

ती कुठली, ते सांगायला आधी वत्सलाच्या शाळेत जायला हवं.

वत्सलाचं घराणं मराठी. मराठ्यांच्या राज्यात कोणी पूर्वज तंजावरकडे आले आणि कावेरीच्या पाण्याने इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तामिळ, असा शिरस्ता. महाराष्ट्रातला पाहुणा आला की यांची मराठी ऐकून गालात हसतो, जसं कुणी आजोबांचा अंगरखा घालून लग्नाला आलेलं पाहावं. हसो बापडा. पण या दोन भाषांनी लहानग्या वत्सलाचं गणित मात्र पार बुडवलं. घरात आई म्हणे ‘एकोणपन्नास’. त्यात पोरीला ‘पन्नास’ ऐकू येई आणि ‘नऊ’चा भास होई, कारण शाळेत तामिळमध्ये चाळिसावर नऊ असं सरळसोट म्हणायची सवय. मग ती पाटीवर एकोणसाठ लिहून मोकळी होई. एकोणतीसचे एकोणचाळीस, एकोणऐंशीचे एकोणनव्वद. हिशेब बरोबर, रीत बरोबर, उत्तर दहाने चुकलेलं. वर्गातल्या बाई म्हणत, ही मुलगी मंद आहे. ऐकून ऐकून वत्सलालाही ते पटलं होतं.

सातवीत रुक्मिणी टीचर वर्गावर आल्या. त्याही मराठीच. दोनचार वह्या तपासल्यावर त्यांनी वत्सलाला जवळ बोलावलं आणि हळूच, तामिळ वर्गात, मराठीतून विचारलं, “बाळे, एकोणपन्नास लिही पाहू.” वत्सलाने एकोणसाठ लिहिलं. टीचर हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझं गणित चुकत नाही गं. तू घरात मोजतेस आणि शाळेत लिहितेस. मधल्या रस्त्यात दहा सांडतात, इतकंच.”

मंद नाही! वत्सला त्या दिवशी घरी उड्या मारत गेली. 

शाळा सुटल्यावर टीचर तिला एक्केचाळीस नंबरात घेऊन जात. ओसरीवर रांगोळीने दोन चौकोन काढत. मोठ्या आकड्यांना पोरगी भिते, तर मोठे आकडे ठेवायचेच कशाला, अशी त्यांची युक्ती. फोडायचे. दोनने फुटतंय तोवर दोनने, मग तीनने, मग पाचने, मग सातने. फुटता फुटता असे तुकडे हाती येतात की पुढे फुटतच नाहीत. दोन, तीन, पाच, सात. यांची नावं कुठल्याही भाषेत घ्या, घोटाळा होत नाही. वत्सलाची भीती तिथेच अर्धी झाली.

“हे एक घर, छत्तीस,” टीचर म्हणत. “यात कोण राहतं? दोन, दोन, तीन, तीन. हे शेजारचं घर, साठ. यात दोन, दोन, तीन, पाच. आता दोन्ही घरांचे सामाईक नातलग कोण ते सांग.”

वत्सला पहिल्यांदा सगळ्यांनाच बाहेर बोलावी. पाच पण आणि दुसरा तीन पण.

“अगं, पाचाला छत्तिसाच्या घरात कोण ओळखतं? आणि तीन इकडे दोघं असले तरी तिकडे एकटाच आहे, म्हणून सामाईक एकच. आपल्या लग्नात तू कुणालाही पंगतीत बसवशील.”

मग दोन, दोन आणि तीन एवढेच हाताला धरून बाहेर यायचे. गुणाकार बारा. दोन्ही घरांना निःशेष भागणारी सगळ्यात मोठी संख्या. मसावि म्हणतात तो हाच, महत्तम साधारण विभाजक. नाव ऐकून छाती दडपते, पण आत पाहिलं तर दोन घरांचे तीन सोयरे.

भागाकाराने मसावि काढायची दुसरी एक रीत आहे, झटपट होते. वर्गात इतर मुली तीच वापरत. वत्सलाने एकदा विचारलंही. टीचर म्हणाल्या, “ती रीत उत्तर देते. ही रीत आत कोण आहे ते दाखवते. कधीतरी आत कोण आहे हे कळायची गरज पडते.” वत्सलाला ते तेव्हा कळलं नाही. टीचरांची अर्धी वाक्यं अशीच, शाळा सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी उघडणारी.

पुढे वत्सला पास होत गेली. मयिलाडुतुरैच्या रस्त्याला तिरुभुवनम् लागतं, रेशमी साड्यांच्या विणकरांचं गाव. तिथे नक्षी आखायच्या कामावर ती लागली आणि अजून आहे. चौकटीच्या कागदावर बुट्ट्यांच्या जागा मांडायच्या. पहिल्याच आठवड्यात एक नक्षी आली: काठाला एकशे ऐंशी चौकटी, पदराला एकशे अडुसष्ट, आणि एकाच मापाची बुट्टी दोन्हीकडे अर्धी न तुटता बसवायची. वत्सलाने कागदाच्या कोपऱ्यात दोन घरं काढली. सामाईक निघाले दोन, दोन, तीन. बारा चौकटींची बुट्टी बसली, कुठेही कापावी लागली नाही. ती साडी विणून आली तेव्हा माग थांबला आणि वत्सलाने तिच्या काठावर हात फिरवून मनातल्या मनात एक्केचाळीस नंबरच्या ओसरीला नमस्कार केला.

टीचरांचं लग्न झालं नाही. वडील लवकर गेले, पाठीवर धाकटी भावंडं. त्यांची शिक्षणं, त्यांची बाळंतपणं, त्यांची मुलं. सगळी मार्गाला लागून दूरदूर पांगली तोवर टीचरांच्या लग्नाचं वय उलटलं होतं आणि तो विषय काढायलाही घरात कुणी उरलं नव्हतं. त्यांनी त्याचं कधी गाऱ्हाणं केलं नाही. फक्त समाजात कुठे सवाष्णींचं जेवण असलं, की त्या स्वयंपाकघरात वांगी चिरायला बसत. पाट मांडले जात, रांगोळ्या निघत, बायकांच्या पायांवर पाणी पडे, आणि आत विळीवर टीचर. साऱ्या बायका त्यांच्या शिष्या, पण पाटावर बायका आणि विळीवर टीचर.

गेल्या पावसाळ्यात वत्सलाच्या नवऱ्याला, सुरेंद्रला, हृदयाचं दुखणं झालं. चांगला चालता-बोलता माणूस दुकानात कोसळला. शस्त्रक्रिया झाली. दार बंद झालं आणि वत्सला बाहेरच्या बाकावर बसली तेव्हा तिच्या शेजारी कोण होतं? टीचर. दिलासा वगैरे त्यांना देता येत नाही. त्यांनी समोरच्या दारावरचा आकडा वाचला आणि म्हणाल्या, “तीनशे पंधरा. फोड.” वत्सला म्हणाली, टीचर, आत्ता? “आत्ताच.” तीन, तीन, पाच, सात. मग पुढचं दार. मग पंख्यावरचा आकडा, मग आगीच्या नळकांड्यावरचा. मन दुसरीकडे पळायला लागलं की टीचर नवा आकडा पुढे करत. डॉक्टर हसतमुखाने बाहेर आले तोवर दोघींनी त्या मजल्यावर एकही आकडा धड ठेवला नव्हता.

तेव्हाच वत्सलाने मनात नवस केला. हे घरी आले, तर सवाष्णींच्या पंगतीत टीचरांना पाट देईन.

नवस करणारी ती एकटी नव्हती. तिची सासू वेंकटलक्ष्मी हिने देवीला हळकुंडं बोलली होती. चेन्नईच्या नणंदेने, नंदिताने, बांगड्या बोलल्या होत्या. सुरेंद्रचा चुलतभाऊ चंद्रमौली, त्याने सुपाऱ्या. एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही. जो तो आपल्या भक्तीच्या मापाने देऊन मोकळा. थै महिन्यातल्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या, शुक्रवारी सवाष्णी जेवू घालायचं ठरलं तेव्हा घरात बांगड्या निघाल्या दोनशे बावन्न, हळकुंडं तीनशे अठ्ठ्याहत्तर आणि सुपाऱ्या दोनशे दहा.

आता या घरची रीत ऐका. देवीला दाखवलेलं वाण परत घरात येत नाही. ते सारंच्या सारं बायकांच्या परडीत जायचं. प्रत्येकीला अगदी सारखं, कारण मागे एकदा एकीला एक हळकुंड जास्त गेलं होतं आणि तो रुसवा दोन पिढ्या चालला. बायका विषमच हव्यात. त्यांना आदल्या संध्याकाळी घरी जाऊन तेल, शिकेकाई आणि हळद द्यायची. त्यांनी सकाळी त्या तेलाने न्हाऊन उपाशीपोटी यायचं. आणि यजमान घरच्या बाईने वाढायचं, बसायचं नाही.

“मग सांग, किती बायका बोलवूं?” सासूने विचारलं. वेंकटलक्ष्मी ऐंशीच्या घरातली, आवाज अजून खणखणीत. तामिळ चालीवर वत्सला तिला अत्तै म्हणते.

वत्सलाने जमिनीवर रांगोळीने तीन घरं काढली. बांगड्यांच्या घरात दोन, दोन, तीन, तीन, सात. हळकुंडांच्या घरात दोन, तीन, तीन, तीन, सात. सुपाऱ्यांच्या घरात दोन, तीन, पाच, सात. तिन्ही घरांचे सामाईक: एक दोन, एक तीन, एक सात.

“बेचाळीस, अत्तै.”

“बेचाळीस सम. शिवाय बेचाळीस मराठी सवाष्णी आतां या गावांत उरल्या कुठें? सगळ्या बंगळूरास नि अमेरिकेस.”

वत्सलाने सामाइकातला दोन बोटाने पुसून टाकला. उरले तीन आणि सात. “एकवीस. प्रत्येकीला बारा बांगड्या, अठरा हळकुंडं, दहा सुपाऱ्या.”

दोनचा आकडा पुसला की जे राहतं ते विषमच राहणार. भागाकाराच्या रीतीने नुसतं बेचाळीस हातात आलं असतं आणि पुढे अंधार. आत कोण आहे ते दिसत होतं म्हणून नको त्याला बाहेर काढता आलं. ओसरीवरचं ते वाक्य वत्सलाला असं चाळीसेक वर्षांनी उघडून मिळालं.

बोटं मोडत सासूसुनांनी सवाष्णी मोजल्या. गावातल्या, तिरुभुवनम्‌च्या, चोळपुरम्‌ची एक, आणि फारच ताणून नाचियार्कोविलची रम्या. ती सुरेंद्रच्या मामाची सून. तिच्याशिवाय वीस झाल्या होत्या, एकविसावी म्हणून तिचं नाव निघालं, तेव्हाच वत्सलाने धीर केला.

“अत्तै, रम्याला एवढ्या लांबून कशाला? टीचरांना पाट दिला तर?”

सासूने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. “वत्सले, टीचर थोर. त्यांनी तुला माणसांत आणलें तें मजला ठाऊक आहे. पण गळ्यांत मंगळसूत्र नाहीं, आणि पंगत सवाष्णींची. मी रीत मोडूं म्हणतेस?”

“माझा नवस आहे.”

“नवस करण्याआधीं मजला विचारावें होतें.”

विषय तिथेच मिटला. वत्सला रात्रभर तळमळली वगैरे काही नाही. दिवसभराच्या कामाने ती अंथरुणाला पाठ टेकताच झोपली. पण गुरुवारी संध्याकाळी तेल-शिकेकाई वाटायला निघाली तेव्हा तिने एक वाटी जास्त भरून घेतली आणि सगळ्यांत शेवटी एक्केचाळीस नंबरात गेली.

“मला कशाला?” टीचर म्हणाल्या. “मी विळीवरची.”

“न्हाऊन या टीचर. मी माझ्या समाधानाला देते आहे.”

टीचरांनी वाटी घेतली. तेलाचा वास घेतला आणि म्हणाल्या, “बरं. तुम्ही खात नाही तोवर मीही खाणार नाही. उपाशी मुलींना वाढताना पोट भरलेलं असू नये.”

शुक्रवारी सकाळी घर गजबजलं. पाट मांडले, केळीची पानं धुतली. वेंकटलक्ष्मीने तीन ढीग देवीसमोर ठेवले, हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला आणि हात जोडून म्हणाली, “माझा मुलगा परत दिलास, आई. हें तुझें.”  सुरेंद्र मागे खुर्चीवर बसला होता, त्याने डोळे पुसले. बायका एकेक येत होत्या, न्हालेल्या केसांच्या, उपाशी, हसऱ्या. टीचर आत वांगी चिरत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. रम्या होती. बिचारी आनंदाने ओरडत होती आणि रडतही होती. तिची जाऊ दिवसांआधीच बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. सोयर आलं. आता दहा दिवस तिला कुठल्या पूजेला बसता यायचं नाही.

“देव बरें करो,” वेंकटलक्ष्मी म्हणाली. फोन ठेवला आणि पाटांकडे पाहिलं. एकवीस पाट, वीस बायका.

दुसरी सवाष्ण आणावी तर तिला काल तेल दिलेलं नाही, आज न्हाणं नाही, सकाळचं खाणं झालेलं असणार. ढीग कमी करावेत तर देवीला दाखवून झालेत. वीसजणी जेवायला बसल्या तर सम. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. जी ती आपापल्या सासरची रीत सांगू लागली आणि एकीचं दुसरीशी जुळेना. शेवटी वेंकटलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात गेली.

“टीचर, हातांतलें ठेवा. सम-विषम मी देवीची क्षमा मागून सोसेन. पण हें वाण वीसजणींत सारखें होतें कां, तेवढें सांगा.”

टीचर हात पुसत बाहेर आल्या. ढिगांसमोर उकिडव्या बसल्या. “वीस म्हणजे दोन, दोन, पाच. सुपाऱ्यांत पाच आहे, पण दोन एकच आहे. बांगड्यांत पाच नाही. हळकुंडांत नाही. होणार नाही, अम्मा.”

“एकोणीस?”

“तो फुटतच नाही, आणि तिघांतही नाही.”

“मग होतें तरी काय?”

“सम केलंत तर चौदा, तरी सहाजणी उठणार आणि रीतही मोडणार. विषम हवं तर तीन आणि सात, एवढेच आपल्या हातात. एकवीस करा, नाहीतर सात करा.” टीचरांनी घरंगळलेलं एक हळकुंड ढिगावर नीट ठेवलं. त्यांना दिसत होतं की वत्सला आपल्याकडेच पाहते आहे, आणि का पाहते आहे हेही कळत होतं. त्यांनी मान वळवली. “सात करा. प्रत्येकीला छत्तीस बांगड्या जातील, कोपरापर्यंत भरतील, पण होईल. बाकीच्यांना नुसतं जेवण वाढू. मी आणखी पानं धुते.”

आपलं नाव पुढे येऊ नये म्हणून या बाईने सातचा आकडा पुढे केला होता. वत्सलाला ते सहन होईना. “टीचर—” ती म्हणाली.

वेंकटलक्ष्मी ढिगांकडे बघत उभी होती. सात बायका ठेवायच्या तर तेराजणींना पाटावरून उठवायचं. तेल देऊन, न्हायला लावून, उपाशी बोलावून. कुणाला उठवणार? चोळपुरम्‌हून पहिल्या बसने आलेल्या पोरीला?

मग तिने एक विचित्र प्रश्न विचारला, तोही सगळ्यांसमोर.

“टीचर, तुमचें लग्न झालें नाहीं, हें खरें ना?”

 सुरेंद्र खुर्चीतून अर्धा उठला. वत्सलाचा चेहरा उतरला.

“खरं,” टीचर म्हणाल्या.

“झालेंच नाहीं?”

“नाही, अम्मा.”

“न्हालांत?”

“वत्सलाने तेल दिलं होतं. न्हाले.”

“खाल्लें?”

“नाही.”

“मग वत्सले, तोंड काय पाहतेस? कुमारिकेस पाट दे.”

कुणाला काही कळेना. वेंकटलक्ष्मी सगळ्यांवर डोळे फिरवत म्हणाली, “आमच्या सासूबाई सवाष्णींबरोबर एक कुमारिका बसवीत. दर खेपेस. पोरी शिकायला परगांवीं गेल्या, पाट उचलला गेला, तो मांडायचें मीच विसरलें. लग्न न झालेली ती कुमारिका. तिचें वय किती असावें, हें मजला कुणीं सांगितलें नाहीं, आणि शास्त्र विचारायला मी कुठें जात नाहीं.”

पहिल्यांदा चोळपुरम्‌ची पोरगी हसली. मग सगळ्याच हसल्या, टीचरसुद्धा, आणि हसता हसता त्यांनी चटकन पदर डोळ्यांना लावला. “अम्मा, मी त्र्याहत्तर वर्षांची कुमारिका?”

“फुटत नाहीं ना तो आंकडा? मग झालें तर.”

पाय धुवायची पाळी आली. वीसजणींचे पाय वत्सलाने धुतले. एकविसाव्या पाटापाशी आली तेव्हा सासूने तिच्या हातातून तांब्या घेतला. गुडघे धरत, कण्हत ती खाली बसली. टीचर पाय मागे घेऊ लागल्या.

“बस गं पोरी,” वेंकटलक्ष्मी म्हणाली. “हालूं नकोस.”

टीचरांना पोरी म्हणून हाक मारणारं माणूस शेवटचं कधी होतं कुणास ठाऊक. त्या एकदम निमूट बसल्या, पाय पुढे करून, सातवीतल्या मुलीसारख्या. पायांवर पाणी पडलं, हळद लागली, कुंकू लागलं. वत्सलाने त्यांच्या परडीत हळकुंडं आणि सुपाऱ्या घातल्या, मोजून, इतरांइतक्याच. एकही जास्त नाही. मनातून पन्नास घालाव्याशा वाटत होत्या. मग तिने हिरव्या बांगड्या घेतल्या आणि त्यांच्या हातात भरायला सुरुवात केली. खडूने रेघा मारून मारून सुकलेली ती मनगटं. बांगड्या सहज चढल्या. सहा या हातात, सहा त्या हातात.

देवीसमोर ढिगांची जागा रिकामी झाली. एक सुपारी उरली नाही.

वाढून झाल्यावर वत्सला सासूजवळ गेली आणि वाकून नमस्कार केला. वेंकटलक्ष्मीने तिच्या पाठीवर थाप मारली. “तुझ्या हट्टापुढें मी हललें नसतें. आंकड्यापुढें हललें. आतां तूं जेव, आणि त्यांस घरीं पोंचवून ये.”

दुपारी दोघी रस्त्याला लागल्या. टीचरांनी परडी दोन्ही हातांनी धरली होती. वत्सला घ्यायला गेली तर देईनात. ऊन होतं, महामहम् तळ्याच्या पायऱ्या तापल्या होत्या. टीचर सावकाश चालत होत्या आणि मधूनच मनगट जरासं हलवत होत्या, बांगड्या वाजतात का बघायला. वाजत होत्या.

“टीचर, ज्यांना आम्ही कधीच काही देऊ शकलो नाही—” वत्सलाने सुरुवात केली.

“गप्प बस,” टीचर म्हणाल्या. “ऐकू दे मला.”

समोरून नाचियार्कोविलची बस आली आणि धूळ उडवत अगदी अंगावरून गेली. कपाळावर मोठा आकडा होता. टीचरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आकडा वत्सलाने फोडला.